गोधडीतला इतिहास

आपल्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती, असं विचारलं तर कुणी तांब्याचा हंडा दाखवेल, कुणी अडकित्ता, कुणी आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ. गोधडी कुणी दाखवणार नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, घरगुती वापराच्या कितीतरी वस्तू पाहायला मिळतात. ते बहुतेक धातूचं किंवा लाकडाचं. हाताळलं तरी टिकणारं. सुती कापडाचं तसं नाही. गोधडी ही वापरून संपवायचीच वस्तू आहे. ती विरली की नव्या गोधडीच्या पोटात अस्तर म्हणून जाते आणि तिथंच तिचं नाव मिटतं. इतिहासाला पुरावा लागतो. गोधडी आपला पुरावा अंगाखाली घेऊन झिजवते. म्हणून तिचा इतिहास फारसा कुणी लिहिला नाही. माझं शिक्षण बी. ए. पर्यंतचं, मी कविता लिहिणारी बाई. पण मला हा इतिहास राजांच्या वंशावळीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जुन्या कापडाचे तुकडे जोडून पांघरण्याची रीत या देशात फार पुरातन आहे. बौद्ध भिक्षूंचं चीवर तुकडे जोडूनच शिवलेलं असे. विनयपिटकात एक सुंदर गोष्ट आहे. बांधांनी चौकोन पाडलेली मगधाची शेतं बुद्धांनी आनंदाला दाखवली आणि असं चीवर करता येईल का, असं विचारलं. आनंदानं त्या शेतांसारखे तुकडे जोडून चीवर तयार केलं. म्हणजे या देशातल्या एका फार जुन्या शिवणकामाचा नमुना शेताच्या बांधावरून आला! संस्कृतात अशा जोडलेल्या वस्त्राला कंथा म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शंभर तुकड्यांची जीर्ण कंथा पांघरणारा माणूस भेटतो. इकडं सूफी दरवेशांचा ठिगळांचा झगा होता, त्याला मुरक्का म्हणत. अकराव्या शतकात लाहोरच्या हुजवेरींनी आपल्या ‘कश्फुल महजूब’ या ग्रंथात त्यावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलं आहे. आणि आपल्या अगदी अलीकडच्या काळात, चिंध्यांचा अंगरखा घालून गावोगाव खराटा फिरवणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत.

हे सगळे घर सोडलेले लोक. त्यांच्या अंगावर ठिगळ म्हणजे वैराग्य. गंमत अशी, की तेच ठिगळ घरातल्या बाईच्या हातात आलं की त्याचा अर्थ उलटा होतो. साधू तुकडे जोडतो तो घर सुटलं म्हणून. बाई तुकडे जोडते ती घर धरून ठेवायला. तेव्हा आज मी बोलणार आहे ते घरातल्या गोधडीबद्दल.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी तिला वाकळ म्हणत. लहान बाळाची ती दुपटं. कापूस भरलेली ती गादी किंवा रजई. तिचा कारागीर वेगळा, त्याच्याकडं मी पुढं येते. वाकळ शिवायचा हंगाम ठरलेला होता. रब्बीची सुगी संपली, धान्य घरात आलं, उन्हाळा तापला, पाऊस अजून लांब आहे, अशा दिवसांत बायकांना जरा उसंत मिळे. मग सारवलेल्या ओसरीवर एखादं त्यातल्या त्यात धड लुगडं पसरायचं. नऊवारी लुगड्याची चौघडी केली की एका माणसाच्या अंथरुणाला पुरते. त्यावर धोतराचे, चादरीचे, सदऱ्याचे तुकडे लावायचे. मधे खाच राहता कामा नये. वरून दुसरं लुगडं. कापड सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड, नाहीतर वरवंटा ठेवायचा. मग जाड सुई, भक्कम दोरा आणि साधा धावदोरा. शिवण कडेनं सुरू होई आणि चौकोनात चौकोन करीत मधे सरके.

चौघी चार बाजूंना बसत. सुरुवातीला एकमेकींपासून लांब असत, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागे. बोलणंही गावगप्पांचं, वर चारचौघांत चालेल असं. शिवण आत सरके तशा त्या जवळ येत आणि आवाज खाली येई. शेवटच्या दोन हातांवर आलं की चौघींची डोकी जवळजवळ टेकलेली असत. कुणाच्या सासूचं, कुणाच्या दुखण्याचं, कुणाच्या नवऱ्याच्या दारूचं जे काही निघायचं ते तिथं निघे. आम्हा पोरींना त्या वेळी ‘पाणी आण गं’ म्हणून उठवलं जाई. मैत्री हा शब्द त्या बायकांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. पण कुणाच्या वाकळेला कोण बसलं होतं, हे त्या वर्षानुवर्षं विसरत नसत.

दुसरा मेळा नदीवर भरे. नवरात्राचे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची आपल्याकडची जुनी रीत आहे. त्या दिवसांत नदीचे खडक वाकळांनी झाकून जात. घट आमच्या घरी बसत नसत, पण अम्माही आमच्या वाकळा घेऊन त्याच दिवशी निघे, कारण त्याला एक अगदी व्यवहारी कारण होतं. भिजलेली वाकळ एकट्या बाईला पिळता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशांनी पीळ द्यावा लागतो. शेजारच्या काकूंचं टोक अम्मा धरी, अम्माचं टोक काकू धरत. वाकळा वाळेपर्यंत घरी जाता येत नसे, म्हणून भाकरी-चटणी बांधून नेलेली असे. वर्षभरात बायकांना सहलीसारखा वाटावा असा तो एक दिवस होता. काम असल्यामुळं कुणाची परवानगी मागायची गरज नव्हती, हा त्यातला मोठा आनंद!

आता कापसाच्या कारागिराकडं येते. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, पिंजारी होते. आपल्याकडं या लोकांना नदाफ, मन्सूरी अशीही नावं आहेत. मन्सूरी हे नाव मन्सूर हल्लाजशी जोडलं जातं. ‘अनल हक’ म्हटल्याबद्दल इसवी सन ९२२ मध्ये बगदादला ज्याला मारलं, तो हा सूफी. हल्लाज या अरबी शब्दाचा अर्थच पिंजारी. राजस्थानात ज्यांचा पंथ वाढला ते संत दादू दयाळ हेही कापूस पिंजणाऱ्यांपैकी होते, असं परंपरा सांगते. कबीर विणकर, नामदेव शिंपी, दादू पिंजारी. एका कपड्यामागं किती संत उभे आहेत, पाहा.

नाना खांद्यावर पिंजण टाकून दिवाळीनंतर गावोगाव फिरत. धनुष्यासारखं लांब लाकूड, त्याला ताणून बांधलेली तात, आणि त्या तातीवर मारायला दोन्ही टोकांना जाड असलेला लाकडी दांडा. टुंग टुंग असा आवाज गल्लीत आला की पोरं धावत. एका वाड्यावर दोन-दोन, तीन-तीन दिवस काम चाले. तिथंच जेवण, तिथंच पडवीत झोप. नाना त्या घराच्या गाद्या भरत, त्यामुळं कुणाच्या घरी लग्न ठरलंय, कुणाकडं लेक बाळंतपणाला आलीय, कुणाचं दुखणं लांबलंय हे त्यांना ठाऊक असे. पुढच्या वर्षी त्याच दारात उभे राहिले की आधी चौकशी, मग कामाचं बोलणं. धंदा आणि पाहुणचार यांतली सीमा कुठं होती, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पुढं तालुक्याच्या गावी विजेवर चालणारी पिंजण्याची यंत्रं आली, मग फोमच्या गाद्या आल्या. गाद्या मिळत राहिल्या; दारात येऊन तीन दिवस राहणारा माणूस गेला.

पाहुणचाराचा आणि अंथरुणाचा संबंध आपण विसरत चाललो आहोत. पूर्वी घरात किती पाहुणे मुक्कामाला राहू शकतात, हे खोल्यांवरून ठरत नसे. वाकळांच्या चवडीवरून ठरे. चवड उंच म्हणजे घर माणसांचं. चवडीतली सर्वांत चांगली वाकळ घरचं माणूस कधीच वापरत नसे, ती पाहुण्याची. आणि प्रवासाला निघणाराही आपलं अंथरूण बरोबर घेई. ‘वळकटी’ हा शब्द आज किती मुलांना कळेल? बैलगाडीतून जत्रेला किंवा उरुसाला जाताना गाडीत कडबा पसरायचा, त्यावर वाकळ टाकायची. जाताना ती बसायला, रात्री देवळाच्या किंवा दर्ग्याच्या आवारात तीच निजायला. दिवसा तिची सावलीही होई.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि पुढं रेल्वे देशभर पसरली. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर वळकटी हीच गादी होती. पण खेड्यातल्या बाईचं जग खऱ्या अर्थानं रुंदावलं ते एसटीनं. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, या मार्गावर पहिली गाडी सुटली. त्याआधी लेकीला माहेरी आणायला मुराळी जाई. भाऊ, नाहीतर चुलता. त्याला शेतातून सवड मिळाली तर लेकीला माहेर. जात्यावरच्या ओव्यांमध्ये भावाची वाट पाहणारी बहीण पुन्हापुन्हा भेटते, ती उगीच नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्या एकत्र केल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बायकांनी स्वतःचा इतिहास दोन ठिकाणी ठेवला, असं मला वाटतं. एक जात्यावर आणि दुसरा वाकळेत. जात्यावरचा कुणीतरी ऐकून लिहून घेतला. वाकळेतला बहुतेक तसाच राहिला.

वाकळेत काय लिहिलेलं असतं? एक तर कापडाचा सगळा इतिहास. कावसजी दावर यांच्या मुंबईतल्या गिरणीत १८५६ साली उत्पादन सुरू झालं. पुढं गिरण्या वाढल्या आणि गिरणीचं छापील कापड खेड्यापर्यंत पोचलं. घाटावरचे आणि कोकणातले गिरणी कामगार गावी येताना कापड आणत, ते आधी अंगावर आणि मग वाकळेत जाई. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावं लागलं. माझी नानी सांगे, की त्या वर्षांत वाकळेसाठी जुनं कापड उरेना, कारण तेच अंगावर होतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांनी झाडाखाली बाळं निजवली ती दुपट्यावर. आजही ऊसतोडीला निघालेल्या गाडीत भांड्यांच्या आधी वाकळा चढतात. पाचटाच्या खोपीत थंडीच्या दिवसांत तेवढाच आसरा.

नंतर नायलॉन आणि पॉलिएस्टर आलं. धुवायला सोपं, वाळायला झटपट, इस्त्रीची कटकट नाही. बायकांचे कष्ट त्यानं कमी केले, तेव्हा त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. पण ते कापड घाम टिपत नाही आणि वाकळेत घातलं की थर एकमेकांवरून घसरतात. जुनं झाल्यावर सुती लुगडं मऊ होतं, तसं ते होत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. आमच्या गावातल्या त्या दशकातल्या वाकळा मी पाहिल्या आहेत. त्यांत सुती तुकडे कमी-कमी आणि चकचकीत तुकडे जास्त होत जातात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात जे आलेखानं दाखवतात, ते तिथं हाताला लागतं.

आणि दुसरं म्हणजे माणसं. आमच्या घरातल्या एका वाकळेत नानांच्या चौकड्यांच्या लुंगीचा तुकडा होता, अम्माच्या लग्नातल्या ओढणीचा होता, आणि मधोमध हिरवं इरकली लुगडं होतं. ते काकूंचं. आमच्याकडं मोठं जुनं कापड कमी पडलं म्हणून त्यांनी दिलेलं. त्यांच्या घरात आमच्या अब्बांच्या सदऱ्याचे तुकडे असणार, यात मला शंका नाही. कापड देताना कुणी जात-धर्म पाहत नसे, असं सरसकट विधान मी करणार नाही. गावात पाणवठेही वेगळे होते आणि पंगतीही वेगळ्या होत्या. कुणाच्या ओसरीवर कोण बसणार, हे ठरलेलं असे. पण जिथं शेजार होता तिथं तो वाकळेत शिवला गेला, हेही खरं आहे.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ चे दिवस आठवतात. आमच्या गावात काही घडलं नाही. फक्त बोलणं कमी झालं. ओसऱ्यांवर बसणारी माणसं आत बसू लागली. अम्मा आणि काकू दोघी एकाच वेळी अंगण झाडत आणि मान खाली घालून आत जात. फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी काकू मागच्या दारानं आल्या. पदराखाली दुपटं होतं, जुन्या लुगड्याचं, बारीक टाके घातलेलं. म्हणाल्या, ‘‘भाभी, नवं कापड पोरीला टोचंल.’’ अम्मानं साखरेचा डबा काढला आणि त्यांच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. त्या दोन महिन्यांबद्दल दोघींनी एक शब्दही काढला नाही. मी तेव्हा जवळ उभी होते आणि त्या टाक्यांकडं पाहत होते. एवढं दुपटं एका दिवसात होत नाही. म्हणजे बोलणं बंद होतं त्या दिवसांत त्या रोज थोडं-थोडं शिवत होत्या. या घटनेची नोंद कुठल्याही अहवालात नाही. माझ्या लेखी ती त्या वर्षाची नोंद आहे.

ही गोष्ट फक्त आपलीच नाही. बंगालमध्ये अशाच जुन्या साड्यांच्या कांथा शिवतात आणि त्यांवर फुलं, पाखरं, माणसं काढतात. कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ मध्ये ‘नक्शी कांथार माठ’ हे कथाकाव्य लिहिलं. त्यातली साजू आपल्या दुःखाची सगळी कहाणी कांथेवर काढते आणि ती कांथा शेवटी तिच्या कबरीवर पांघरली जाते. आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांची बोली कोकणी-मराठीच्या नात्यातली. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि तिन्ही घरांतल्या बायका ‘कवंद’ शिवतात. शेवटचा टाका घालण्याआधी काही जणी आत तांदळाचे चार दाणे ठेवतात. गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून!

आपल्या गोधडीवर चित्रं नसतात, म्हणून तिच्याकडं लक्ष जायला उशीर झाला. गीता खंडेलवाल यांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. आता बचत गटांच्या प्रदर्शनांत गोधड्या मांडलेल्या दिसतात, शहरातले लोक हौसेनं घेतात. शिवणारीला चार पैसे मिळतात, याचा मला आनंदच आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा गाड्यांमध्ये माहेरवाशिणींची गर्दी मी पाहिली. मुराळ्याची वाट पाहायचे दिवस गेले, हे फार चांगलं झालं. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायला मी आलेली नाही. त्या बायका गरिबीमुळं शिवत होत्या, हौसेमुळं नव्हे. आनंद त्यांनी त्या कामात आपल्या आपण शोधला होता.

फक्त एक गोष्ट मनाला लागून राहते. विकत घेतलेल्या गोधडीतले तुकडे सुंदर असतात, पण ते कुणाचे ते माहीत नसतं. घरच्या गोधडीतला प्रत्येक तुकडा कुणाचा तरी असतो, आणि तो कुणाचा हे शिवणारीलाच ठाऊक असतं. ती आहे तोवर गोधडी वाचता येते. ती गेली की उरतात चिंध्या. शिलालेखाला लिपी असते, ताम्रपटाला तारीख असते. गोधडीला फक्त एक म्हातारी असते. तेव्हा तुमच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत एखादी जुनी गोधडी असेल आणि ती शिवणारी आजी, आत्या, नानी, शेजारची काकू अजून असेल, तर या सुट्टीत तिच्याकडं जा. गोधडी तिच्या मांडीवर पसरा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कुणाचं? ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. तासाभराचं काम आहे.